रिकाम्या स्टँडमधून ओरडताना

५ एप्रिल, शनिवार

घरच्या मैदानावरचा पहिला शनिवार. ह. म्हणजे हार. जिंकलो तर 'जि' लिहायचं ठरवलंय, बघू कधी वापरायला मिळतं.

टोकियोतल्या निशी-कसाईहून दोन गाड्या बदलून जायचं, समुद्राचा गार वारा खायचा आणि आमचा बेसबॉल संघ, हेरन्स, हरताना बघायचा. हेरन म्हणजे बगळा. नाव ठेवणारा माणूस हुशार. आमचे बॅटर खरोखर ध्यान लावून उभे राहतात, चेंडू शेजारून जातो, यांची समाधी मोडत नाही.

अनु म्हणाली, पुण्यात क्रिकेटने छळलं ते कमी होतं का? इथे आल्यापासून गेली चार वर्षं बायको हेच विचारतेय. लेक, इरा, मात्र हौसेनं येते. प्रत्येक बॅटरचं गाणं, कुठल्या ओळीला ट्रंपेट, कुठे ढोल, सगळं तोंडपाठ. हिला मराठी कविता पाठ करायला सांगितली की पोटात दुखतं.

१९ एप्रिल, शनिवार

ह. पण इराला चेंडू मिळाला!

डाव सुरू होण्याआधी राइट फिल्डवाला, म्हणजे आमच्या स्टँडसमोर उभा राहणारा फिल्डर, सराव करतो आणि तो चेंडू मग आमच्या स्टँडमध्ये फेकतो. इतर संघांकडे यासाठी झुंबड उडते. आमच्याकडे ल्युसियोनं आधी बघितलं कोण आहे, मग इराकडे बोट दाखवलं, मग अलगद टाकला. गर्दी नसण्याचा एवढा एक फायदा.

ल्युसियो म्हणजे आमचा परदेशी बॅटर. कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावरचा. एकेकाळी धडाधड मारायचा, आता गुडघे कुरकुरतात. इराचा तो देव. त्याच्या नावाचा टॉवेल घेऊन झोपते. "बाबा, ही इज लाइक अस ना?" म्हणाली. म्हणजे काय विचारलं तर खांदे उडवले.

४ मे, रविवार

सुट्ट्यांचा आठवडा, ऊन सुंदर, आणि वरचा मजला चक्क बंद ठेवलेला. माणसं खालीच बसवली म्हणजे टीव्हीवर बरं दिसतं. मग स्कोअरबोर्डवर प्रेक्षकांचा आकडा आला आणि आमचा अख्खा स्टँड हसला. मियाता-सान म्हणाले, यात समुद्रपक्षी धरले असतील.

मियाता-सान वॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले, आमच्या स्टँडचा ढोल त्यांच्याकडे. मला 'मंदारू-सान' म्हणतात आणि वर्तमानपत्र पसरून शेजारच्या दोन जागा धरून ठेवतात. एवढ्या रिकाम्या स्टँडमध्ये जागा कशाला धरायची, पण धरतात.

संघाबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल. चांगला शॉर्टस्टॉप होता, आतल्या फळीतला चपळ फिल्डर, तो श्रीमंत संघाला विकला. त्याच्या बदल्यात दोन पिचर, म्हणजे आपले बॉलर, आणले, एकाचा खांदा आल्या आल्या गेला, दुसऱ्याचा जायला हवा होता. मालकांना मैदानाभोवतीच्या दुकानांत रस. आणि परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्याच, त्यातली एक ल्युसियो अडवून बसलाय. हे इराच्या देखत बोललो नाही.

२१ मे, बुधवार

ऑफिसात धरणीकंप. आमच्या सॉफ्टवेअरमधला बग क्लायंटकडे प्रॉडक्शनमध्ये गेला. दुपारी मॅनेजर होंदा-सान मला घेऊन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये गेले, उंची मिठाईचा खोका घेतला, आणि तिथून थेट क्लायंटकडे. दोघांनी वाकून माफी मागितली. किती वेळ वाकून राहायचं ते होंदा-सानकडे तिरक्या नजरेनं बघून ठरवलं. त्यांनी खोका घेतला, चहा दिला, विषय संपला.

आपल्याकडे आधी चूक कोणाची यावर तासभर भांडण झालं असतं. ही पद्धत मला आवडते. गोड खायला द्या, वाका, सुटा.

सप्टेंबरात माझं काँट्रॅक्ट संपतंय. बग माझा नव्हता, हे होंदा-सानना माहीत आहे. असावं.

१५ जून, रविवार

ह.

लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.

सातवा डाव, प्रतिस्पर्धी बॅटिंगला. आपले फिल्डिंगला असले की आमचा स्टँड गप्प बसतो, ढोल बंद, गाणी बंद, तो शिरस्ता. वर पाऊस येणार येणार म्हणून होते तेवढेही लोक निघून गेलेले. उंच, सोपा चेंडू राइट फिल्डकडे आला. इराच्या हातचा झेल. ल्युसियो चेंडूखाली आला, हात वर केले आणि सोडला. दोन रन.

आणि मी उभा राहून ओरडलो, "काएरे!"

परत जा. छे, तेवढं सभ्य नाही ते. चालता हो.

पुण्यात स्टेडियममध्ये काय काय ओरडायचो आम्ही. आयामायांपर्यंत जायचो. हजारो माणसं एकदम ओरडायची, त्यात माझा आवाज मलाही ऐकू यायचा नाही. इथे ती हजारो माणसं नव्हती हे तोंड उघडल्यावर लक्षात आलं. शब्द स्वच्छ गेला, समोरच्या भिंतीवर आपटून परत आला.

ल्युसियो वळला. स्टँडकडे बघितलं, कोण ते शोधलं, फार शोधावं लागलंच नाही. मग टोपीला हात लावून मान खाली घातली. माझी माफी मागितली त्यानं.

मियाता-साननी उगाच ढोलावर दोन टिपऱ्या मारल्या, वेळ नसताना. इरानं गळ्यातला टॉवेल काढून घडी घातली आणि बॅगेत ठेवला. गाडीत झोपल्यासारखं केलं. झोपली नव्हती.

१६ जून, सोमवार

ल्युसियोला हेरन्सच्याच दुसऱ्या फळीच्या संघात पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचलं. पाय दुखावल्याचं कारण दिलंय. नवा परदेशी येतोय, त्याला जागा हवी.

माझ्यामुळे नाही. हे निर्णय आठवडे आधी होतात. मला माहीत आहे ते.

दुपारभर काम झालं नाही.

२२ जून, रविवार

एकटाच गेलो. इराला होमवर्क. रविवारी, मॅच सोडून, होमवर्क.

मियाता-साननी वर्तमानपत्र पसरलेलं होतं, दोन जागांचं. इराचं विचारलं. मी काहीतरी सांगितलं. त्यांनी ढोलाचा पट्टा नीट केला. मग मैदानाकडे बघतच म्हणाले, "मंदारू-सान, ल्युसियोला जपानी चांगलं येतं. तुमच्याएवढीच वर्षं झालीत त्याला इथे."

एवढंच. पुढे बेंटोतलं, त्यांच्या जेवणाच्या डब्यातलं, एक भजं माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते भजं मी डब्यात तसंच घरी आणलं.

जि. पहिल्यांदा लिहितोय आणि आनंद नाही.

२४ जून, मंगळवार

आज अनु बोलली. इरा क्लासला गेली होती. अनु भांडी आवरत होती, पाठ माझ्याकडे.

जूनच्या सुरुवातीला शाळेत एका मुलानं इराला ढकललं आणि म्हणाला, काएरे, आपल्या देशात परत जा. इरानं घरी सांगितलंच नव्हतं. त्या रविवारी मॅचवरून आल्यावर अनुला सांगितलं, अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून.

"तिला त्या मुलाचं फारसं नाही वाटलं," अनु म्हणाली. "तिनं मला विचारलं, बाबापण म्हणतो म्हणजे ते खरंच म्हणायचं असतं का."

मी म्हटलं, मी फक्त काएरे म्हणालो, देशाचं नव्हतो म्हणालो. अनुनं नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मलाच माझी लाज वाटली. अजून वाटते आहे. वकिली करत होतो मी, स्वतःच्या पोरीविरुद्ध, तीही ती घरात नसताना.

त्या मुलाबद्दल इराच्या शाळेत जाऊन भांडायला हवं. कुठल्या तोंडानं जाऊ?

२८ जून, शनिवार

शाळेत गेलो, अनुबरोबर. बाईंनी ऐकून घेतलं, त्या मुलाशी आणि त्याच्या घरी बोलते म्हणाल्या. "असे शब्द मुलं कुठून शिकतात," बाई म्हणाल्या. मी चपलांच्या कपाटाकडे बघत राहिलो.

१२ जुलै, शनिवार

दुसऱ्या फळीच्या संघाचं मैदान नदीकाठी. शेवटच्या स्टेशनवरून बस. इरा यायला तयार झाली, कारण ल्युसियो दिसणार.

जाताना डिपार्टमेंट स्टोअरमधून खोका घेतला. होंदा-साननी घेतला होता तसलाच. दुकानातल्या मुलीनं विचारलं, शुभेच्छांसाठी की माफीसाठी? त्याप्रमाणे कागद वेगळा असतो. माफीसाठी म्हणालो. इरानं ऐकलं. टॉवेल बॅगेतून काढून गळ्यात घातला, मला वाटलं जमलं.

तारेचं कुंपण, पलीकडून खेळाडू चालत जातात. फाटकावरच्या म्हाताऱ्यानं अदबीनं सांगितलं की खेळाडूंना खाण्याच्या वस्तू देता येत नाहीत. मी खोका हातात घेऊन उभा. आता वाकायचं तर नुसतंच वाकायचं. खोक्याशिवाय कसं करतात ते मला कोणी दाखवलं नव्हतं.

ल्युसियो आला. जवळून फारच मोठा माणूस, गुडघ्याला पट्टा. इरानं हाक मारली. तो थांबला. "राइट फिल्ड! बॉल!" म्हणाला, इराला ओळखलं त्यानं. मग माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही? हसला. हसण्यावरून काही कळेना.

तोंडाशी आलेलं होतं. गाडीत जपानीत मनाशी पाच वेळा घोटलेलं. आणि मी म्हणालो, "सही मिळेल का?"

त्यानं टॉवेलवर सही केली, इराच्या डोक्यावर टपली मारली, गेला.

१३ जुलै, रविवार

मिठाईचा खोका तसाच पडलाय. अनुनं फोडू का विचारलं, मी नको म्हटलं.

इरा आली, इंग्रजीत सुरू केलं आणि मराठीत संपवलं. रागावली की तिचं मराठी चांगलं होतं. "यू आस्क्ड फॉर हिज साइन. सॉरी म्हणाला नाहीस, बाबा."

म्हटलं, पुढच्या वेळी.

"कधी?"

९ ऑगस्ट, शनिवार

घरीच टीव्हीवर. ह. नवा परदेशी बरा मारतो. लोक तरीही येत नाहीत. कॅमेरा राइट स्टँडवर गेला तेव्हा मियाता-सान दिसले, शेजारी पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर कोणी नाही. आपली जागा टीव्हीवर रिकामी बघायची वेळ आली.

दर वर्षी लिहायचो, लोक का येत नाहीत. मीच जात नाही आता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

होंदा-साननी बोलावलं. काँट्रॅक्ट वाढलं. अनुनं शिरा केला, पुण्याला फोन झाले, आई म्हणाली देव पावला.

संध्याकाळी बातमी. हेरन्स पुढच्या हंगामासाठी ल्युसियोशी करार करणार नाहीत. नव्या परदेश्याची मांडी आखडल्यामुळे उरलेल्या सामन्यांपुरतं ल्युसियोला मुख्य संघात बोलावलंय. मग तो परत जाणार.

परत जाणार. मी सांगितलं होतं तसं.

शिऱ्याची वाटी इरासमोर होती. तिनं विचारलं, "आपलं वाढलं, त्याचं नाही?" हो म्हणालो. "त्यानं एक कॅच सोडला म्हणून? तुमचा बग गेला होता ना?" अनु म्हणाली, खा आता. कोणीच धड खाल्लं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

मैदानातूनच लिहितोय, फोनवर. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना.

तिघं आलोय. अनु पहिल्यांदाच आली, खाली अंथरायला चादर आणि डब्यात थालीपीठ. मियाता-साननी तीन जागा धरल्या होत्या. कोणी सांगितलं त्यांना? इरानं असणार, तिच्याकडे नंबर आहे. थालीपीठ त्यांना आवडलं.

शेवटचा सामना असून गर्दी नाही. आम्ही तळाला, समोरचेही मधल्यामध्ये कुठेतरी. सकाळपासून ढग.

चौथा डाव. ल्युसियो बॅटिंगला. त्याचं गाणं. ट्रंपेटवाला एकच आला आहे, तरी सगळ्यांनी उभं राहून म्हटलं, इरानं तर डोळे मिटून. मी नुसते ओठ हलवले. त्या गाण्यात माझा आवाज मिसळू नये असं वाटलं. तीन चेंडू, तिन्ही हुकले, बाद. टाळ्या.

सहावा डाव. सही असलेला टॉवेल इरा माझ्या मांडीवर ठेवून गेली, अनुबरोबर ज्यूस आणायला.

आठवा. मागे आहोत. ह होणार. ल्युसियोला पुन्हा बॅटिंग मिळणार नाही बहुतेक. सामना संपला की ते लोक रांगेत उभे राहून वाकतात आणि लांबच्या दारानं आत जातात. तिथपर्यंत आवाज पोचत नाही, मी बघितलंय.

नववा. आपले फिल्डिंगला आले. ढोल थांबला, ट्रंपेट खाली. ल्युसियो धावत राइट फिल्डला आला, समोर उभा आहे, पाठ आमच्याकडे. सगळा स्टँड गप्प. मागच्या रांगेत कोणी पिशवी चुरगाळली तेवढीही ऐकू आली.

इरानं माझ्या कोपराला हात लावला.

"बाबा, आता ऐकू जाईल."

फोन ठेवतो.