ताऱ्याच्या पोटातलं

ब्रह्मपुरी,
रविवार, १९ जानेवारी २००३

चि. रंजीता,

आईचा आणि माझा आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत. तलावाची मासोळी यंदा बरी निघाली. मच्छीमार सोसायटीने मलाच पुन्हा अध्यक्ष केलं, म्हणजे सगळ्यांची भांडणं ऐकायचं काम पुन्हा माझ्या गळ्यात.

तुझं पत्र मिळालं. दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या दुर्बिणीवर जायला तुझी निवड झाली, हे मी पोस्टमनलाच आधी वाचून दाखवलं. सायकल टेकवून ऐकत होता बिचारा. शेवटी तू लिहिलंस, "लग्न मार्चमध्ये धरलं असेल तर मी येत नाही म्हणून दुर्बिणीवाल्यांना कळवते." त्याकडे येतो.

पाहुणे संक्रांतीआधी आले. बुधरी आत्यानेच आणलेलं स्थळ. मुलगा रोशन, भद्रावतीला नोकरीला, शांत. मला आवडला. त्याच्या काकांनी विचारलं, "पोरगी करते तरी काय?" मी म्हटलं, सूर्यासारखे तारे आतून थरथरतात, ती थरथर मोजते. काका हसले. "तारा काय घंटी आहे का भाऊ?"

तशी तुझी आई उठली. दिवाळीत तू दाखवलं होतंस, अगदी तसंच तिने पाण्याचं मडकं आणलं, शेजारी रिकामं ठेवलं, दोन्हींवर झाकण घातलं आणि एकेक टिचकी मारली. "आता झाकण न काढता सांगा, पाणी कोणात आहे. ताराही असाच वाजते. आवाज इथवर येत नाई, पण त्याचा उजेड हालते. तेवढ्यावरून माही पोरगी सांगते, त्याच्या पोटात काय आहे अन् तो किती म्हातारा झाला."

माझी छाती तेव्हा जी फुगली ती अजून खाली आलेली नाही.

पुढचं लिहायला पेन अडतो आहे. त्यांना तू पसंत होतीस. आत्याने सुपारी माझ्या हातात दिली, अडकित्ता पुढे सरकवला. सुपारी फुटली की शब्द फिरत नाही, तुला ठाऊक आहे. तेवढ्यात काका बोलले, "मात्र लग्नानंतर हे ताऱ्याचं बंद. इथी शाळेत शिकवलं तर आमची ना नाई."

रोशन खाली पाहत राहिला.

"फोड बाबुलाल, काऊन थांबला?" आत्या म्हणाली.

मी सुपारी तिच्या हातात परत ठेवली. तुला न विचारता.

आत्या न जेवता गेली. संक्रांतीला तिच्याकडून तिळगूळ आला नाही. आईबापांमागे तिनेच मला वाढवलं, आणि आजवर मी तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. वाईट वाटतं, रोज वाटतं. पण सुपारी परत दिली याचं नाही वाटत.

तिचा राग मी काढीन, बहीण माझी आहे. तू दुर्बिणीवाल्यांना नकार कळवला असशील तर हे पत्र वाचून होताच त्यांना फोन कर आणि येते म्हणून सांग.

तू पोचलीस हे गावभर सांगायला तयार बसलेला,
तुझा बाबा