आईच्या ढिगातल्या तुमच्या जीन्स

टीचर, गेल्या रविवारी मी तुमचं गुपित फोडलं. भर सभेत, माईकवर.

कॅम्प तीनच्या वस्तीतली आमची खोली तुम्हाला आठवत असेल. कोपऱ्यात स्टोव्ह आणि उरलेल्या जागेत जीन्सचा ढीग. आई कारखान्यातून धागा कटिंगचं काम घरी आणायची; शिवलेल्या पँटीची लोंबणारी दोऱ्याची टोकं कात्रीने कापायची. तुम्ही शाळा सुटल्यावर अंबरनाथहून मला शिकवायला यायचात, तेही फुकट. नळाला पाणी आलं की आई हंडे घेऊन खाली जाते, आणि तिची पाठ वळताच तुम्ही तिची कात्री उचलता. मी गणित सोडवतेय, तुम्ही दोरे कापताय, आणि कापून झालेली पँट आईच्या तयार ढिगात मधेच कुठेतरी सरकवताय, वर कधीच नाही. मी काही बोलायला गेले की डोळे वटारता.

तुमच्या चर्चमधल्या त्या संताची गोष्टही तुम्ही अशीच, कात्री चालवता चालवता सांगितलीत. दूरदेशचा माणूस, कातडी काळी, म्हणून मठात बरोबरीने न घेतलेला. तो मठ झाडायचा, आजाऱ्यांचं सगळं करायचा, दारी आलेल्यांना जेवू घालायचा. तुमच्या पर्समधल्या चित्रात त्याच्या हातात झाडू होता, पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर एकाच ताटलीत जेवत होते. "संत झाला तरी झाडूच?" मी विचारलं. "मग काय तलवार देऊ?" तुम्ही म्हणालात. "आपल्याकडे कुणी बघावं, असं त्याला वाटतच नव्हतं. तू वहीत बघ, हातचा राहिलाय तुझा."

आई वर यायची, ढीग बघून खूश व्हायची. कारखान्याचा सेठ कामाचा उरक बघून तिला 'मशीन' म्हणायचा, मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. तिला आयुष्यात मिळालेलं तेवढं एकच बक्षीस.

मी ग्रॅज्युएट झाले, घरातली पहिली, म्हणून महिला मंडळाने सत्कार ठेवला. आई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मी त्या संताबद्दल बोलले, मग तुमच्याबद्दल. नळाचं पाणी, कात्री, ढिगात सरकवलेल्या पँटी, सगळं. टाळ्या पडल्या. मला भरून आलं होतं, त्यामुळे आईकडे लक्षच गेलं नाही. खाली उतरले तेव्हा शेजारची मावशी तिला कोपरखळी मारत होती, "काय गं, मशीनला दोन मोटरी होत्या म्हणायच्या!" बायका हसल्या. आईही हसली, पण पदर चाचपत राहिली.

घरी येऊन साडीची घडी करताना आईने विचारलं, "खरं होतं ते?"

तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "नाही गं. भाषण रंगावं म्हणून घातलं."

"मेलेल्या टीचरबाईच्या नावावर खोटं बोललीस? तेही एवढ्या लोकांत? हेच शिकलीस कॉलेजात?" ती जी सुरू झाली ती थांबेना. दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगून आली, पोरीने थापा मारल्या म्हणून. आता मावशी मला येता-जाता 'फेकू' म्हणते. आई पुन्हा ताठ बसून दोरे कापते, माझ्याशी मात्र कामापुरतं बोलते.

तुम्ही केलेलं ते काम मी असं पुसून टाकलं, टीचर. तुम्हाला ते चाललं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण तुम्ही आईचा मान आधीच सांभाळला होता. मी तो आधी मोडला आणि मग खोटं बोलून जोडला. यात तुमच्या संतासारखं काही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. मी फेकू नाही, हे निदान एका माणसाला तरी माहीत असावं असं सारखं वाटत राहतं. कुणालाच कळू न देणं मला अजून जमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.