नवसाचा चामामे

१५ डिसेंबर
जुलैमध्ये माझ्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा नेलिदाने सान बाल्तासारला नवस बोलला होता. आज सांगतेय! मी घरी आलो तर सहा जानेवारीला, संताच्या सणाला, त्याच्यासमोर चामामे नाचायचा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आम्ही एकदाही नाचलेलो नाही. कारण माझा गुडघा. (डावा.) म्हटलं, नाचू की! आमच्या कोरिएन्तेस प्रांतातल्या माणसाला चामामे शिकावा लागत नाही. रक्तातच असतो.

१८ डिसेंबर
दार लावून प्रॅक्टिस. जोडीला खुर्ची. खुर्चीला ताल नाही.

२० डिसेंबर
मेव्हणा सिरिलो खिडकीतून डोकावला. मुंग्या चिरडतोयस का म्हणे. दुर्लक्ष केलं. तो नाचतो बरा, पण त्यात विचार नसतो.

२३ डिसेंबर
दोन्या एदुविहिसबाईंचा क्लास लावला. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, कुठला गुडघा दुखतो? म्हटलं, उजवा. सोबत आलेली नेलिदा माझ्याकडे बघतच राहिली.
(डावा होता.)

२ जानेवारी
क्लास सोडला. बाई म्हणतात, एक-दोन-तीन मोजा. मी मोजत नाही, मला आतून जाणवतं. बाई म्हणाल्या, मलाही जाणवतंय, पायाच्या बोटांवर.
आता सगळा भर सापुकाईवर. नाचताना मन भरून आलं की गळ्यातून जी आरोळी निघते, ती. पावलं काय, कोणीही टाकतं. दुपारी अंगणात सहा वेळा दिली. शेजारी कुंपणावरून उडी मारून आला. टाके उसवले का म्हणे.

४ जानेवारी
नेलिदा हळूच म्हणाली, गुडघा दुखत असेल तर राहू दे. कुठला ते विचारलं नाही. मी ठणकावून सांगितलं, नाचणार! माझा लाल रुमाल इस्त्री कर.

६ जानेवारी
अख्खं गाव लाल कपड्यांत. अकॉर्डियन सुरू झालं. मी नेलिदाचा हात धरून थेट संतासमोर. चार पावलं उत्तम. पाचवं तिच्या पायावर. सहावंही. न डगमगता सापुकाई दिली. वाजवणाऱ्यांना वाटलं कोणी पडलं. वाजवणं थांबलं. त्यांचं टाइमिंगच कच्चं.
म्हटलं, नवस मोडला. नेलिदा इतकी हसली की डोळे पुसावे लागले. म्हणाली, अरे, नाचायचं मी कबूल केलं होतं. तुझ्यासाठी फक्त जिवंत राहणं मागितलं होतं. गुडघा-बिडघा काही नाही, हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. बस तिथे बाकावर आणि बघ.
मग सिरिलोबरोबर नाचली. मग शेजाऱ्याबरोबर. मग दोन्या एदुविहिसबाईंबरोबर. नेलिदाला असं नाचता येतं, हे मला माहीत नव्हतं.
बाक चांगला होता. सावलीत.

७ जानेवारी
नेलिदा मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसली आहे. गुणगुणतेय.
माझे पाय ठणठणीत.