लेकीला परत बोलावण्याबद्दल

आई,

शुक्रवारी ग्वाटेमालाहून पाकीट आलं. आत हाताने विणलेला लाल पट्टा, अर्धा किलो कॉफी, तीन पानी पत्र, एक फोटो आणि घडी घातलेला एक तक्ता. कस्टमचे म्हणून पोस्टाने माझ्याकडून दहा डॉलर घेतले. तिकडून पाठवायला काय पडलं ते तुझ्या नातीने लिहिलेलं नाही, आणि जे ती लिहीत नाही त्याचाच मला आधी संशय येतो.

तू तिला पाहिलं नाहीस. बावीस वर्षांची आहे. इथे हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीतून पास झाली आणि नोकरीला अप्लाय करायचं सोडून सिस्टरांच्या एका बोर्डिंगात वर्षभरासाठी मिशन इंटर्न म्हणून गेली. पगार नाही, राहायला-जेवायला मिळतं. पत्रात सगळा दिवस लिहिलाय. पाचला उठायचं, प्रार्थना, मग भिजवलेल्या मक्याची बादली घेऊन गिरणीवर जायचं, चाळीस मुलींच्या भाकऱ्या थापायच्या, शाळेतून आल्या की त्यांचा अभ्यास घ्यायचा, दगडी टाक्यावर गार पाण्यात चादरी धुवायच्या. घरी हिला साधं कणकेचं पीठ हाताला लागलेलं चालत नसे. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी, सगळं ठीक आहे. एकदा लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला असता, तीनदा कशाला? फोटोत सगळ्या मुलींच्या अंगात स्वेटर आहे, हिच्याच नाही. जाताना मी दोन घालून पाठवले होते. मी फोटो खिडकीशी धरून बराच वेळ बघत होते, तेव्हा हे म्हणाले, "तू पोलिसात जायला हवी होतीस."

"गेले असते तर पहिले तुम्हाला पकडलं असतं," मी म्हटलं.

तक्ता स्पॅनिशमध्ये होता. तो मुद्दाम पाठवला की पानांत चुकून आला, कोण जाणे. आज मिस्सेनंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये सगळे कॉफी घेत होते, तिथे आमच्या धर्मग्रामातल्या कोलंबियाच्या बाईंकडे मी तो दिला. त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचला. सोमवारी शेंगा निवडणं, मंगळवारी संडास, गुरुवारी बाजार. शनिवारी संध्याकाळी, मदरबरोबर पाचारणाविषयी बोलणं. सगळ्यांच्या रकान्यात नाही, फक्त हिच्या. बाईंनी मला मिठीच मारली. "मामा, यू मस्ट बी सो प्राउड!" मी हसले. कॉफी तशीच ठेवून वर येऊन बाकावर बसले.

आपल्याकडे कुणाची मुलगी सिस्टर झाली की बँड लावून गावजेवण घालतात, तुला ठाऊक आहे. दर रविवारी पाचारणासाठी प्रार्थना म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो. देवाने तरुण मुलामुलींना आपल्या सेवेला बोलवावं, असं मी इतकी वर्षं मागतेय, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांची मुलं होती. हे मी फादरांना कधी सांगितलं नाही.

दुपारी व्हिडिओ कॉल लागला. मी तिला सरळ हात दाखवायला सांगितलं. "मम्मी, प्लीज, डोन्ट स्टार्ट." मी विचारलं, स्वेटर कुठे आहेत? म्हणाली, दोन मुलींना दिले. मी विचारलं, शनिवारी मदर काय बोलते? जराशी थांबली. मागे कुणीतरी भांडी आपटत होतं आणि एक लहान मुलगी तिच्या खांद्यावरून डोकावून मला बघत होती. मग म्हणाली, "शी जस्ट लिसन्स, मम्मी. मला अजून एक वर्ष राहायचंय. पप्पांना तू सांग ना."

"तुझ्या डोक्यात तिथे कुणी भरवलंय हे?"

"नोबडी! तुला असं का वाटतं की मला कुणीतरी सांगायलाच लागतं?"

फोन ठेवल्यावर मी मेसेज टाईप केला. पप्पांच्या छातीत दुखतंय, ताबडतोब ये. टाईप करताना हे बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते, गाणं गुणगुणत. मेसेज पाठवलेला नाही. पुसलेलाही नाही.

असं खोटं मी कुणाकडून शिकले, ते तुला सांगायला नको. मॅट्रिकनंतर मी सिस्टर व्हायला नाशकाला कॉन्व्हेंटमध्ये राहिले, आणि आठव्या महिन्यात तू न कळवता दारात उभी. मी स्वयंपाकघरात मोठं पातेलं घासतेय, तू माझा हात उलटासुलटा करून बघतेस, मदरसमोरच विचारतेस, "पोटभर देतात का? खरं सांग." मी हो म्हणते. तू त्यांच्याबरोबर जेवतेस, वाढणाऱ्या सिस्टरच्या पळीकडेही संशयाने बघतेस, आणि जेवण झाल्यावर पदराने तोंड पुसत सांगतेस, हिचे वडील अंथरुणाला खिळलेत, हिला न्यावं लागेल. घरी पोचलो तेव्हा बाबा वाडीत शिडीवर चढून पानवेली बांधत होते. वरूनच ओरडले, "आल्या का गं दोघी?" मी तीन आठवडे तुझ्याशी बोलले नाही. पुढे आयुष्यभर सांगत आले की आईने मला देवाच्या हातातून ओढून आणलं. तुझ्या शेवटच्या आजारातही एकदा तुला ऐकवलं. तू भिंतीकडे तोंड केलंस.

आई, माझी पत्रं मदर वाचून मगच टाकायच्या, म्हणून मीही सगळं ठीक आहे एवढंच लिहायचे. तुला तर अक्षरओळख नव्हती, शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. मग ते खरं नाही हे तुला कळलं कसं? कारण बस नाशकाबाहेर पडायच्या आधीच मला कळलं होतं की बाबा धडधाकट आहेत. तुला खोटं बोलताना घाम येतो, तो आला होता. मी बस थांबवली नाही. मला घरी यायचं होतं, तुझ्या शेजारी बसून यायचं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

आज कॉलवर मी तेच शोधत होते. तिच्या हातांत, आवाजात, थांबण्यात. कुठे सापडलं नाही. ती मागच्या मुलीला काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या, एवढंच. ते खरं मानायचं की अजून संशय घ्यायचा, हे मला एकटीला ठरवता येत नाही. तेव्हा माझ्यात तुला काय दिसलं होतं, ते उलट टपाली कळव. तोवर मी मेसेज पाठवत नाही.