सिमेंटच्या डायनासोरचा रंग

६ जानेवारी, सोमवार

आज शाळेत रंगावरून तमाशा! अंगणातल्या सिमेंटच्या डायनासोरला कचरू पेंटरनं हिरव्याचा पहिला हात मारला, तेवढ्यात आमच्या संस्थेचे अध्यक्ष राधेश्यामभाऊ गाडीतून उतरले आणि ओरडलेच— “हिरवा कुणी सांगितला? हिरवा तर कारभारीच्या पॅनलचा!” पुढच्या महिन्यात बाजार समितीची निवडणूक, भाऊंचं पॅनल विरुद्ध कारभारीचं. त्यांचे गमछे हिरवे, आमच्या भाऊंचे केशरी. अख्ख्या जाफराबादला पाठ आहे.

मग मला बोलावणं. “मॅडम, तुम्ही सायन्सच्या. खरा रंग काय व्हता ते काढा. शास्त्राच्या आधारानं.” हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! सात वर्षं झाली या शाळेत, कायम होण्याचा प्रस्ताव त्यांच्या एका सहीवाचून पडलाय. उद्या हत्तीला रंग कोणता द्यायचा विचारलं तरी काढून देईन.

८ जानेवारी

वाचून वाचून डोळे चुरचुरले, पण किती दिवसांनी एवढी मजा आली! मला वाटायचं चित्रकार मनानेच रंगवतात. काही डायनासोरना पिसं होती. त्या पिसांचे ठसे दगडात राहिले, आणि त्यात रंगाचे बारीक कण. इतके बारीक की भारीतल्या भारी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. रंग उडाला तरी कणांचा आकार टिकतो. शेवईच्या तुकड्यासारखे लांबट असले तर काळा, साबुदाण्यासारखे गोल असले तर विटकरी. कशावरून? आजच्या पक्ष्यांवरून! त्यांच्या काळ्या पिसांत लांबट कण असतात, तांबूस पिसांत गोल. ताडून बघायचं. एका चिमुकल्या चिनी डायनासोरची शेपटी अशीच कळली— विटकरी आणि पांढरे पट्टे.

आणि जिथं काही सापडत नाही, तिथं शास्त्रज्ञ सरळ म्हणतात, माहीत नाही. हे मला फार आवडलं. सातवीला सगळं सांगितलं. तास संपला तरी पोरं उठेनात.

१० जानेवारी

भाऊंना सांगून आले. आपला डायनासोर लांब मानेचा, त्याचा रंग नक्की कुणालाच सांगता येत नाही. त्या छोट्या चिनी डायनासोरची शेपटी तेवढी विटकरी होती. त्यांनी नेमका तेवढाच शब्द उचलला.

“विटकरी? म्हंजे केशरीच की! बराबर!”

“भाऊ, तो वेगळा प्राणी—”

“भाऊबंदच न्हाई का?”

तोंडाला कुलूप का घातलं नाही मी!

१५ जानेवारी

नाकापासून शेपटीपर्यंत केशरी. उन्हात बघवत नाही. कचरूला म्हटलं, अहो, हे काय? “मला कशाला बोलून राह्यल्या मॅडम? भाऊंनी सोता डबा आणून देल्ता.”

१८ जानेवारी

पुन्हा बोलावणं. “सव्वीस तारखेला माईकवर तुम्हीच बोला. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, डायनासोर केशरी व्हते. आम्ही म्हटलं तर लोकं हसतील, तुमचं ऐकतील. मंग सही बिलकुल करून टाकतो.” हसत हसत म्हणाले. हा माणूस धमकी देतानाही चहा पाजतो. आणि मी प्याले!

२१ जानेवारी

आजारी पडावं म्हटलं, तर मेला तापही येत नाही.

२४ जानेवारी

शेवटी आईला सांगितलं. “म्हणून टाक की! ते जनावर काय इचारायला येऊन राह्यलंय?” आधी हसू आलं, मग रडू. तिला कसं सांगू, जनावराचं कुणाला पडलंय, समोर माझी सातवी बसलेली असेल.

दुसरी शाळा बघू? बदनापूरला बघा, मंठ्याला बघा, प्रत्येक ठिकाणी असाच एक भाऊ बसलेला. आणि इथली सात वर्षं? ती पाण्यात. नाही म्हटलं तर सही गेली, हो म्हटलं तर मी गेले. फाटकातून आत शिरलं की ते धूड आधी दिसतं. कोंडून घातल्यासारखं झालंय. कडी बाहेरून आहे का आतून, तेही कळेना.

२६ जानेवारी

बोलले. टाळ्या पडल्या. भाऊंनी शिडी लावून डायनासोरच्या गळ्यात केशरी गमछा घातला. सातवीच्या रांगेकडे मी बघितलंच नाही.

३० जानेवारी

सही झाली! आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. लाज वाटत होती, तरी खाल्ले.

१२ फेब्रुवारी

सातवीच्या चाचणीचे पेपर तपासायला घेतले. एक प्रश्न होता, डायनासोरचा रंग कसा ओळखतात? शिवकन्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. लांबट कण, गोल कण, पक्ष्यांची पिसं— सगळं बरोबर लिहिलेलं. आणि त्या सगळ्यावर तिनंच काट मारलेली. खाली एकच ओळ, ‘डायनासोर केशरी होते, असं मॅडमनी माईकवर सांगितलं.’

चूक कशी देऊ? पूर्ण मार्क दिले.