उजव्या कमरेपासून

प्रिय दादा,

तू मोठा डॉक्टर, मी साधी नर्स. आईच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून तू म्हणालास, "हाताला काही लागत नाही, गॅस आहे." लागणार कसं? तिची प्लीहा एवढी वाढली होती की तुझा हात प्लीहेच्या मधोमधच होता, कडा पार खाली! मी उजव्या कमरेपासून चाचपत वर गेले, तर बेंबीपाशीच ती कडा हाताला लागली. सोनोग्राफीतही तेच निघालं.

औषधं लागू पडली. आज आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. म्हणाली, "दादाला सांगू नकोस, हिरमुसेल." म्हणून हे पत्र कपाटातच राहील.

पण आठवतं? परीक्षेआधी माझंच पोट दाबत तू घोकायचास, "सुरुवात उजव्या कमरेपासून!"

पाठ झालं ते पोटाला.

तुझी,
धाकटी