थंडीभर झाकून ठेवलेली गाडी

१२ नोव्हें.
परवा उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, सांधा बदलायचा. डॉ. म्हणाले, थंडी संपेपर्यंत गाडी चालवायची नाही. समीर लगेच, "आई, विकूनच टाक. नुसती उभी राहून खराब होईल. मी काही हिंजवडीहून दर वेळी येऊ शकणार नाही."
म्हटलं, गाडी मी घेतली, मी चालवते, विकायची तर मीच विकेन. हे पेपरातून मान वर न करता, "झालं असेल तर चहा टाका कुणीतरी."

१३ नोव्हें.
मंडईत जाऊन आले, एकटी. चक्क जागा मिळाली. मग गाडी धुतली, हवा जरा जास्त भरली. मेकॅनिक म्हणाला, बॅटरीची वायर काढून ठेवा, हँडब्रेक नको, गिअरमध्ये ठेवा, चाकाला विटा लावा. अधूनमधून थोडी ढकला, नाहीतर टायर एकाच बाजूने बसतात.
हे सगळं आता यांच्यावर. बॉनेट कुठून उघडतं तेही यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून "हळू" म्हणणं एवढंच यांचं ड्रायव्हिंग.

२० नोव्हें.
घरी. वॉकर. दुखतंय, लिहीत नाही. गॅलरीतून खाली गाडी दिसते. कव्हर उलटं घातलंय, आरशांसाठी शिवलेले कान मागे. वरून सांगितलं.
"गाडीला कळतंय का?"
पण काढून पुन्हा नीट घातलं.

६ डिसें.
दरवर्षी विहारातल्या बायकांना पुतळ्यापाशी मी नेते. यंदा त्या रिक्षाने गेल्या. वाईट वाटलं. घरीच फोटोला हार घातला, वंदना म्हटली. उभ्याने, वॉकर न धरता, शेवटपर्यंत.

१४ डिसें., रवि.
समीरने मला न विचारता गिऱ्हाईक पाठवलं. मी दुसऱ्या मजल्यावर अडकलेली, जिना उतरता येत नाही. खाली तो माणूस कव्हर उचलून बघतोय, शेजारी हे. सगळं ऐकू येत होतं.
"काका, शेवटचं काय घ्याल?"
"चहा घेऊ. गाडी विकायची नाही."
"अहो, तुमच्या मुलानेच तर..."
"मग मुलाचं विचारा. तो विकायचा आहे का, बघू."
हसून हसून पोट दुखलं.
संध्याकाळी समीरचा फोन. रागावलेला. मग म्हणाला, "पाय ब्रेकवर वेळेत गेला नाही तर? म्हणून म्हणत होतो." पोरगं घाबरलंय. हे मला सुचलंच नव्हतं. म्हटलं, डॉ. हो म्हणेपर्यंत किल्लीला हात लावणार नाही. पण विकणारही नाही.

८ जाने.
कडक थंडी. उंदरांनी वायपरच्या पाण्याची नळी कुरतडली. यांनी बाजारातून नवीन आणली, स्वतः बसवली. जेवताना मुद्दाम काळे हात दाखवत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. मग न राहवून म्हटलं, छान झालं.

२ फेब्रु.
जिना उतरले. एकटी, कठडा धरून. गाडीला एक फेरी मारली. टायर ठीक. वर येताना दोनदा थांबले, पण आले.

२१ फेब्रु.
डॉ.नी पाय वाकवून, दाबायला लावून बघितलं. "चालवा." एवढंच. बाहेर येऊन यांना म्हटलं, समीरला फोन लावा.

२२ फेब्रु., रवि.
समीर सकाळीच आला. यांनी वायर जोडली, विटा काढल्या. मी किल्ली फिरवली, नुसती घरघरली. पुन्हा फिरवली. सुरू.
समीर ड्रायव्हरच्या दाराशी उभा. म्हटलं, मागे बस.
सोसायटीतच आधी चार-पाच वेळा ब्रेक मारून दाखवला, त्याच्यासाठी. मग थेट खडकवासला. वाटेत एक दुचाकीवाला आडवा आला. ब्रेक वेळेत लागला, पाय दुखला नाही. आरशात समीरचं तोंड बघितलं. हसत होता.
धरणावर कणीस खाल्लं. परत येतानाही मीच.

२३ फेब्रु.
हे सकाळपासून मागेमागे.
"क्लच डावीकडचा ना?"
"कशाला?"
"सहज."
दुपारी भाजी निवडताना पुन्हा. "शिकवशील का? वय झालं म्हणू नकोस, तुझा गुडघा माझ्यापेक्षा नवा आहे, एवढंच."
उद्या सांगते म्हटलं. गाडी माझी आहे. बघू.